पांढरीची माती

पदवीच्या शेवटच्या वर्षी आम्हाला मराठी भाषेच्या इतिहासाचा पेपर होता आणि त्यात अक्षीचा शिलालेख होता. अलिबागजवळच्या अक्षी गावातला हा लेख शके 934चा, म्हणजे इसवी सन 1012चा, मानला जातो, आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये त्याची गणना होते. वर्गात आम्ही त्यातली शब्दरूपे पाहिली, प्रत्यय तपासले आणि परीक्षेत त्यावर टीप लिहिली. त्या दिवाळीत अलिबागला जाणे झाले तेव्हा मी वाट वाकडी करून तो दगड पाहायला गेले. तो रस्त्याच्या कडेला उभा होता. माथ्यावर सूर्य आणि चंद्र कोरलेले होते, ते माझ्या टीपेत नव्हते. आणि जी अक्षरे पुस्तकात स्वच्छ छापलेली होती ती इथे इतकी झिजलेली होती की पाठ असूनही मला वाचता येईनात. मी बराच वेळ तिथे उभी राहिले. मनात येणारे प्रश्न भाषेचे नव्हते. हा दगड कुठून आणला असेल, तो इथेच का उभा केला, तेव्हा हे गाव केवढे होते, समुद्र किती दूर होता, दगड घडवणारा माणूस दुपारी काय खात होता, असे ते प्रश्न होते. ज्या विषयाची पदवी मी सहा महिन्यांत घेणार होते त्या विषयात त्यांची उत्तरे नव्हती, आणि ती कुठे असतात हेही मला ठाऊक नव्हते.

पुण्यात दहावीनंतर कला शाखा घेणारी मुलगी पुढची काही वर्षे एकाच प्रश्नाला उत्तर देत राहते, आणि तो प्रश्न तिला घरचे, शेजारचे, लग्नकार्यात भेटणारे असे सगळेच विचारतात: पुढे काय? माझ्यापुरते उत्तर ठरलेले होते. मराठीत एम.ए., मग नेट किंवा सेट, आणि ते नाही जमले तर बी.एड. कला शाखेतून बाहेर पडून अगदी वेगळा विषय शिकायचा म्हटले की बहुतेक दारे बंदच असतात, कारण विज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गाला विज्ञानाचीच पदवी लागते. कायदा, पत्रकारिता, ग्रंथालयशास्त्र अशी मोजकी दारे उघडी राहतात. त्यांतलेच एक येरवड्याला आहे. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम.ए.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेशपरीक्षेला बसू शकतो, हे कळले तेव्हा मी घरी काही न सांगता अर्ज भरला. ते बरोबर केले नाही असे आज वाटते, कारण घरच्यांचा विरोध नव्हता, काळजी होती, आणि काळजी करणाऱ्या माणसांना वेळ द्यायला हवा होता.

बाबा एका कारखान्यात हिशेब पाहत असत. प्रवेश मिळाल्याचे सांगितले तेव्हा त्यांनी अभ्यासक्रमाचे कागद मागून घेतले, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले आणि म्हणाले, “अगं, गणित तू दहावीनंतर सोडलंस. इथे सांख्यिकी आहे, रसायन आहे, भूशास्त्र आहे. आवड आहे हे कळतंय मला, पण झेपेल का?” त्यांचा प्रश्न रास्त होता. मी “झेपेल” म्हणाले. ते उत्तर नव्हते, हट्ट होता.

ज्या संस्थेत मी शिकायला गेले तिनेही आपला विषय एकदा नव्हे, अनेकदा बदललेला आहे, हे मला पहिल्या आठवड्यात समजले आणि उगाच धीर आला. 1821 साली विश्रामबाग वाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळा, पुढे इंग्रजी शिक्षणाचे पदवी महाविद्यालय, 1868मध्ये येरवड्याची दगडी इमारत, 1934मध्ये बंद पडलेले दरवाजे, आणि 1939च्या ऑगस्टात पुन्हा उघडले ते भाषाशास्त्र, पुरातत्त्व आणि समाजशास्त्र यांच्या संशोधनासाठी. त्या व्हरांड्यातून चालताना लोकमान्य टिळक इथे शिकले होते ही एकच गोष्ट लोक सांगतात. मला मात्र बंद पडलेल्या पाच वर्षांचे कुतूहल अधिक वाटत असे.

धीर फार दिवस टिकला नाही. आमच्या वर्गात भूशास्त्राचा पदवीधर होता, वनस्पतिशास्त्राची मुलगी होती, एक वास्तुविशारद होता. त्यांतल्या प्रत्येकाला निदान एखादी गोष्ट आधीपासून येत होती. गाळाचे थर शिकवताना एकाची मान हलत असे, जळके धान्य सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की दुसरी पुढे सरकत असे. मला काय येत होते? मला कविता वाचता येत होती. मेंढीचे हाड कोणते आणि शेळीचे कोणते हे ओळखणे जाणत्यांनाही अवघड जाते, पण मला गायीच्या आणि हरणाच्या हाडातही फरक दिसत नव्हता. बावीसाव्या वर्षी, पदवीला चांगले गुण मिळवून झाल्यावर, पुन्हा पहिलीच्या बाकावर बसणे ही गोष्ट बोलायला सोपी आहे. प्रत्यक्षात ती रोज सकाळी नव्याने सोसावी लागते. मी वर्गात प्रश्न विचारणे बंद केले होते, आणि असे गप्प बसणे माझ्या स्वभावात कधीच नव्हते.

पहिल्यांदा हात बसला तो खापरांवर. मातीच्या फुटक्या भांड्याच्या तुकड्याला मराठीत खापर म्हणतात हे आपल्याला माहीत असते, पण तो शब्द आपण वापरतो तो दोष देण्यासाठी किंवा पणजोबांच्याही मागच्या पूर्वजासाठी. इथे टेबलावर खरी खापरे होती, धुऊन वाळवलेली, प्रत्येकावर काळ्या शाईने बारीक क्रमांक घातलेला. काठाचा तुकडा हाती घ्यायचा, तो सपाट फळीवर उपडा टेकवायचा आणि फळी व काठ यांच्यामधून उजेड दिसेनासा होईपर्यंत हळूहळू कलता करायचा. उजेड मिटला की भांडे मुळात कोणत्या कोनात उभे होते ते कळते. मग समकेंद्री वर्तुळांच्या कागदावर काठाची वक्रता जुळवून पाहायची, म्हणजे तोंडाचा व्यास मिळतो. तीन बोटे रुंदीच्या तुकड्यावरून अख्खे भांडे कागदावर उभे राहते, अर्ध्या भागात बाहेरून दिसणारे आणि अर्ध्या भागात उभा छेद. पहिले चित्र काढायला मला पूर्ण दुपार लागली आणि ते चुकलेले निघाले, कारण काठाची जाडी मी नजरेने घेतली होती, मापाने नव्हे. चौथे बरोबर आले. संगमनेर तालुक्यातल्या प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून ज्या मृद्भांड्यांना नाव मिळाले त्या जातीचे, लाल अंगावर काळी रेघ असलेले ते खापर होते. इतक्या चांगल्या भाजणीचे की नखाने टिचकी मारली तर धातूसारखा आवाज येतो. ‘खणखणीत’ हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला असेन, पण तो कानाने ऐकला त्या दिवशी.

हिवाळ्यात आम्हाला उत्खननावर नेले. नदीकाठचे एक टेकाड, दोऱ्याने आखलेले चौकोन, ओळंबा, खुरपी, ब्रश, घमेली. माझ्याकडे एका चौकोनाची नोंदवही दिली गेली आणि मला मनातून आनंद झाला, कारण लिहिणे हे माझे काम आहे असे मला वाटत होते. तिसऱ्या दिवशी काळपट, राख मिसळलेला एक थर लागला. मी लिहिले: “जळालेल्या घराची काळवंडलेली जमीन.” संध्याकाळी सरांनी वही वाचली आणि पेन्सिलीने ‘घर’ या शब्दाखाली रेघ ओढली.

“हे घर आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

मी राखेकडे बोट दाखवले.

“राख आहे, ते बरोबर. पण ती चुलीची असेल, भट्टीची असेल, कुठून तरी आणून टाकलेल्या कचऱ्याची असेल. भिंत दिसली का? खांबाचे खड्डे दिसले का? जे दिसलं ते आज लिहा. जे वाटलं ते सगळं खणून झाल्यावर लिहू.”

ते ओरडले नाहीत, पण मला रात्री तंबूत झोप लागली नाही. तीन वर्षे मला जे शिकवले गेले आणि ज्यासाठी मला शाबासकी मिळत गेली ते नेमके हेच होते: दोन ओळींतून अर्थ काढणे, न लिहिलेले वाचणे, एका प्रतिमेवरून कवीच्या अंतरंगापर्यंत पोहोचणे. तो अर्थ काढायला आधार होता, कारण कविता कोणीतरी कोणाला तरी काही सांगावे म्हणून लिहिलेली असते. राखेला काही सांगायचे नव्हते. ती तिथे उरली होती, एवढेच. मी तिला माझ्या सवयीने बोलते केले होते. नवा विषय अवघड जातो तो त्यातल्या माहितीमुळे, असे मी समजत होते. माहिती हळूहळू येते. अवघड असते ती आपल्या सर्वांत जास्त अंगवळणी पडलेल्या गुणाला काही काळ गप्प बसवणे.

दुसऱ्या दिवसापासून मी मातीचा रंग डोळ्यांनी न सांगता मन्सेल तक्त्यावर सांगू लागले. त्या छोट्या पुस्तकात रंगांच्या चौकटी असतात आणि प्रत्येकीला आकड्यांचे नाव असते. ओलसर मातीचे ढेकूळ शेजारी धरायचे आणि जुळेल तो क्रमांक लिहायचा, म्हणजे पुण्यात किंवा लंडनमध्ये वाचणाऱ्यालाही तोच रंग कळतो. ‘उदास करडा’ लिहिण्याची सोय तिथे नाही. सुरुवातीला मला ते रुक्ष वाटले. मग एक दिवस एकाच छेदात एकाखाली एक असे पाच करडे रंग दिसले, जे मी पूर्वी एकाच शब्दात गुंडाळले असते.

चूकही त्याच हंगामात झाली. एका दुपारी थर बदलला तरी मी पिशवीवर जुन्याच थराचा क्रमांक घातला, आणि दुसऱ्या पिशवीत चिठ्ठीच टाकली नाही. चूक ध्यानात आली तोवर माती चाळून, घमेल्यांतून वाहून, ढिगावर पडली होती. उत्खनन एकदाच होते हे आम्हाला पहिल्या तासापासून सांगितले जात होते. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. कवितेची ओळ चुकीची उद्धृत केली तर कुणीही मूळ पुस्तक उघडून सुधारू शकते. इथे मूळ पुस्तकच उरलेले नसते. त्या दोन पिशव्यांतली खापरे अजून आहेत, पण ती कोणत्या थरातली हे सांगता येत नसल्यामुळे ती कशाचाही पुरावा नाहीत. मी ती मोजली होती. सत्तेचाळीस होती.

परत आल्यावर कालमापन शिकवले गेले आणि बाबांचा प्रश्न पुन्हा समोर आला. सजीव वस्तू जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन घेत राहते. मेली की घेणे थांबते आणि तिच्यातला कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, घटत जातो, 5,730 वर्षांत निम्मा होतो. इथवर मला समजत होते. पण 5,730 वर्षांत निम्मा होतो तर त्याच्या दुप्पट काळात संपून का जात नाही, हे मला उमगेना, आणि वर्गात विचारायची लाज वाटत होती. रात्री जेवण झाल्यावर बाबांना विचारले. त्यांनी कार्बनचे नावही काढले नाही. पाठकोरा कागद घेतला आणि म्हणाले, “दहा हजारांचं यंत्र आहे. घसारा दहा टक्के, पण घटत्या किमतीवर. पहिल्या वर्षी हजार गेले, राहिले नऊ हजार. दुसऱ्या वर्षी नऊशे गेले. तिसऱ्या वर्षी आठशे दहा. पुढे?” मी आकडे लिहीत गेले. सातव्या वर्षी यंत्राची किंमत निम्म्याखाली आली, आणि चौदाव्या वर्षीही ती संपली नव्हती, पावाच्या थोडी खाली होती. प्रत्येक वेळी जे उरले आहे त्याचाच हिस्सा जातो. म्हणूनच ती किंमत शून्याला कधीच पोहोचत नाही. इतकी लहान मात्र होते की मोजण्यात अर्थ राहत नाही, आणि कार्बनच्या बाबतीत ही मर्यादा साधारण पन्नास हजार वर्षांच्या आसपास येते. बाबांनी आयुष्यभर कारखान्याच्या यंत्रांचा घसारा लिहिला होता. हवेतले कार्बन-14चे प्रमाण सर्वकाळ सारखे नसते, म्हणून झाडांच्या वर्षवलयांशी ताडून तारीख दुरुस्त करावी लागते, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे ताळा करायचा.” तेव्हापासून सांख्यिकीची प्रत्येक गृहपाठाची वही आम्ही दोघांनी मिळून सोडवली.

त्या वर्षी मी आधाराला माणसे शोधत होते आणि ती शेजारीच सापडली. इरावती कर्वे यांनी फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञानात पदवी घेतली, मुंबईत समाजशास्त्र केले आणि मग बर्लिनला जाऊन मानवी कवट्यांची मोजमापे करून डॉक्टरेट मिळवली. 1939पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या आणि मराठीत ललित लेखनही करत होत्या. हसमुख सांकलिया मुळात संस्कृतचे विद्यार्थी. इंग्लंडमध्ये मेडन कॅसलच्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली त्यांनी जमीन खणायची शिस्त उचलली आणि पुण्यात ती दोन पिढ्यांना दिली. दामोदर धर्मानंद कोसंबी उलट्या वाटेने आले, गणिताकडून इतिहासाकडे. त्यांनी प्राचीन चांदीची नाणी हजारोंच्या संख्येने स्वतः तराजूत तोलली, कारण हातोहात फिरताना नाणे झिजते आणि झिजेवरून त्याच्या प्रवासाचा अदमास बांधता येतो. ही माणसे असामान्य होती आणि त्यांच्याशी स्वतःची तुलना मी करत नाही. मला त्यांच्यातली एक गोष्ट हवी होती आणि ती मिळाली: यांपैकी कोणीही नव्या विषयाच्या दारात जुन्या विषयाची पुण्याई मांडून बसले नाही. कवट्या मोजल्या, थर खरवडले, नाणी तोलली.

आमच्या संस्थेने 1968 ते 1983 या काळात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला उत्खनन केले. इसवी सनपूर्व 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची ती वस्ती. तिथे लहान मुलांना घराच्या जमिनीखाली पुरत असत. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि आत मूल. प्रौढांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले असत. संग्रहालयात त्या दफनांसमोर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्या जुन्या सवयीने सगळे शब्द एकदम पुढे आले: आई, अंगण, परतून येणे. ते शब्द खोटे असतील असे मी म्हणणार नाही. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून पाय तोडत असावेत, असे अभ्यासकांनीही सुचवले आहे. पण ते सुचवण्याआधी त्यांनी शेकडो दफने मोजली होती, दिशा नोंदवली होती, वय ठरवले होते. मी त्या दिवशी फक्त रांजणाची मापे घेतली, काठाचा कोन काढला, आणि घरी आल्यावर आईजवळ बसून रडले. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी करता येतात हे मला आधी कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या हंगामात माझ्या चौकोनावर गावातल्या एक मावशी कामाला होत्या. एका सकाळी खुरपी चालवता चालवता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “ताई, हितं पांढरी सपली बघा. खाली काळी लागल आता.” मी वाकून पाहिले. मला रंगात फरक दिसत नव्हता. दहा-बारा सेंटिमीटर खाली गेल्यावर खरोखरच काळी माती लागली, माणूस वस्तीला येण्याआधीची, मूळ जमीन.

काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण, हे शब्द मी बी.ए.ला ग्रामव्यवस्थेच्या संदर्भात वाचले होते आणि परीक्षेत त्यांचे अर्थही लिहिले होते. पांढरीला पांढरी का म्हणतात, हे मात्र तेव्हा मी विचारलेच नव्हते. शेकडो वर्षे चुलींची राख, भिंतींची माती, शेण, हाडे, चुना एकावर एक पडत गेले की त्या जागेची मातीच फिकी होते. लोक ती घरे सारवायला आणि शेतात टाकायला नेतात, आणि पुरातत्त्वाचे लोक टेकाड शोधताना गावात शिरून आधी तेच विचारतात, पांढरी कुठे आहे? जो पुरावा आम्ही तक्ते आणि चाळण्या घेऊन सिद्ध करत होतो तो मराठीने कधीच एका शब्दात साठवून ठेवला होता, आणि तो शब्द तीन वर्षे माझ्याजवळ असूनही मला ऐकू आला नव्हता. तो ऐकू यायला हातात खुरपी यावी लागली.

तेव्हापासून मी मावशींना विचारू लागले. या मातीला काय म्हणता? आणि ही अशी तुटते तिला? त्यांच्याजवळ उत्तर नसले की त्या बोटांत चुरून, वास घेऊन, शेजारच्या बाईला हाक मारून ठरवत असत आणि मग सांगत असत. नोंदवहीची भाषा इंग्रजी असते आणि ती तशीच असावी लागते, कारण ती वाचणारे कुठलेही असू शकतात. मी समासात एक मराठी रकाना आखला. सरांनी तो पाहिला, काही क्षण वाचला आणि त्याखाली रेघ मारली नाही. हंगामाच्या शेवटच्या दिवशीची नोंद माझ्यासमोर आहे: थर 4, मन्सेल 10 वायआर 5/2, करडा तपकिरी, भुसभुशीत, बारीक कोळसा, खापरे 31, हाडांचे तुकडे 6. समासात मावशींचा शब्द: राखुंडी.